मोजणी झाली, नियोजनाचे काय?

राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूच्या धोरणाला मान्यता दिली, तेव्हा नद्यांची पात्रे आता तरी वाचतील या अपेक्षेने त्याचे स्वागत झाले. ते रास्तही होते. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या पात्रांतील वाळूचा उपसा हे परभणी जिल्ह्याचे जुने दुखणे आहे. दगड दळून केलेल्या वाळूवरील स्वामित्वधन ब्रासमागे ६०० रुपयांवरून २०० रुपयांवर आणण्याचा निर्णय या धोरणात आहे. अशी वाळू तयार करणाऱ्यांना उद्योगाप्रमाणे सवलतीही देऊ केल्या आहेत. मात्र या साऱ्या चर्चेत एक साधी गोष्ट मागे पडली. कृत्रिम वाळू म्हणजे अखेर फोडलेला दगडच. नदीतला खड्डा टळणार असेल, तर तो माळावर आणि टेकडीच्या कुशीत पडणार. तो कोठे, किती खोल आणि कोणत्या क्रमाने खोदायचा आणि शेवटी त्याचे काय करायचे, हे आधी ठरविण्याची काही व्यवस्था आपल्यापाशी आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव या प्रश्नाकडे पाहण्यासाठी सोयीचे आहे. येथे कोळसा नाही, लोखंड नाही. खाण म्हटले की डोळ्यांसमोर उभ्या राहणाऱ्या अजस्र यंत्रांशी या मुलखाचा संबंध नाही. आहे तो काळा दगड. गोकुळेश्वराचे मंदिर, बारव, कोरीव स्तंभ अशी यादवकालीन समजली जाणारी इथली शिल्पसंपदा याच दगडाने दिली. याच तालुक्यात पूर्णेवर येलदरीचे धरण उभे राहिले. आता जालना ते नांदेड हा द्रुतगती महामार्ग परभणी जिल्ह्यातून जाण्याचे योजले आहे. महामार्ग आले की खडी आली, खडी आली की खाणी आल्या. दगडाची मागणी अशी दोन्ही बाजूंनी, रस्त्यांकडून आणि वाळूकडून, वाढत जाणार हे उघड आहे.

दख्खनचा दगड वरून एकसारखा काळा दिसला, तरी आतून तो तसा नसतो. लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले. प्रत्येक थरात खालचा भाग भरीव आणि कठीण, तर वरचा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो. खडीसाठी आणि कृत्रिम वाळूसाठी हवा असतो तो भरीव दगड. सच्छिद्र दगडाची खडी काँक्रीटला चालत नाही. म्हणजे खाणमालकाने दगड पाहून खोदायला सुरुवात केली, तरी सहा-सात मीटरवर काय लागेल हे त्याला ठाऊक नसते. आधी चार-दोन ठिकाणी छिद्रे घेऊन थरांची नोंद केली, तर कळते. पण ती कोण घेणार? नरम दगड लागला की पोकलेन बाजूच्या गटात हलतो आणि अर्धवट कोरलेली टेकडी मागे राहते. मराठवाड्यातल्या कोणत्याही राज्यमार्गाने प्रवास करणाऱ्याला अशा टेकड्या दिसतात.

मोठ्या खाणींत असे चालत नाही. तेथे खोदण्यापूर्वी संपूर्ण खाण संगणकावर खोदली जाते. तंत्र समजायला अवघड नाही. जमिनीत घेतलेल्या छिद्रांतून कोणत्या खोलीवर काय आहे याची माहिती मिळते. त्या माहितीवरून जमिनीखालच्या साऱ्या भागाचे लहान लहान ठोकळे कल्पिले जातात. प्रत्येक ठोकळ्यात खनिज किती, त्याची प्रत काय आणि तो बाहेर काढण्याचा खर्च किती, याचा अंदाज बांधला जातो. खालचा एक ठोकळा काढायचा, तर त्याच्या वरचे आणि आजूबाजूचे कितीतरी ठोकळे आधी काढावे लागतात. कारण खाणीची भिंत सरळ उभी ठेवता येत नाही, ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावी लागते. मग कोणते ठोकळे काढले असता सर्वाधिक लाभ होईल आणि कोणते सोडून द्यावेत, हा झाला खाणीच्या अंतिम आकाराचा प्रश्न. ते कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, कोणत्या यंत्राने काढायचे, हा झाला वेळापत्रकाचा प्रश्न.

पहिल्या प्रश्नाचे गणिती उत्तर लर्च आणि ग्रॉसमन या दोघांनी १९६५ मध्ये मांडले. ठोकळ्यांची संख्या लाखांत असल्याने ते उत्तर प्रत्यक्षात काढण्याइतके सामर्थ्य तेव्हाच्या संगणकांत नव्हते. १९८० नंतर ते येऊ लागले. ऑस्ट्रेलियात जेफ व्हिटल यांनी याच पद्धतीवर आधारलेली संगणकप्रणाली व्यवसायासाठी आणली. सरपॅक, डेटामाइन ही नावेही त्याच दशकातली. त्यापूर्वी खाण अभियंता ट्रेसिंग कागदावर काटछेद काढीत असे आणि प्लॅनिमीटर फिरवून त्यांचे क्षेत्रफळ मोजीत असे. एका पर्यायाचा हिशेब पुरा करायला काही महिने लागत. साहजिकच दुसरा पर्याय तपासलाच जात नसे. संगणकाने वेग दिला हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने तुलना शक्य केली. ढिगारा नदीच्या बाजूला न टाकता विरुद्ध बाजूला टाकला तर टनामागे खर्च किती वाढतो, याचे उत्तर आता काही तासांत मिळते. पूर्वी हा प्रश्न 'अव्यवहार्य' या एका शब्दात निकालात काढता येत होता.

महाराष्ट्रात या तंत्राचा खरा वापर पाहायचा तर विदर्भात जावे लागते. नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीच्या राज्यातील खाणी नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ या जिल्ह्यांत आहेत. मध्य प्रदेशातील खाणी धरून या कंपनीने २०२३-२४ या वर्षात सुमारे ६९ दशलक्ष टन कोळसा काढला. कोल इंडियाच्या खाणींचे आराखडे तिचीच सीएमपीडीआय ही संस्था तयार करते. तिचे मुख्यालय रांचीला आणि एक प्रादेशिक संस्था नागपुरात आहे. कोळशाच्या थरांसाठी बनविलेली माइनेक्स ही प्रणाली तेथे दीर्घकाळ वापरात आहे. कोळशाचा थर, त्यावरील मातीची जाडी, एका टनामागे किती घनमीटर माती उचलावी लागेल, पावसाळ्यात कोणत्या बाजूने काम चालू ठेवता येईल, हे सारे त्यातून निघते. वर्धा खोऱ्यात हा माती-कोळशाचा हिशेब फार महत्त्वाचा आहे. कोळसा जसजसा खोल जातो, तसतशी खाण चालविणे परवडेनासे होते, आणि कोठे थांबायचे हे आधी ठाऊक नसेल तर तोट्यातली खाण ओढत बसावी लागते.

तथापि संगणकाच्या आराखड्यात जे नसते तेच बहुतेक वेळा आराखडा मोडते. प्रणालीच्या लेखी जमीन म्हणजे केवळ एक रेषा. अमुक तारखेनंतर ती उपलब्ध आहे, असे एका रकान्यात लिहायचे. प्रत्यक्षात ती कुणाची तरी कापसाची शेती असते. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली ती संपादित झाली, तरी मोबदला, नोकरी आणि पुनर्वसन यांचा गुंता सुटेपर्यंत ताबा मिळत नाही. तोवर यंत्रे बांधावर येऊन थांबतात आणि वेळापत्रक पुन्हा नव्याने करावे लागते. भद्रावती तालुक्यातील बरांजच्या खाणीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये २०४ कोळसापट्ट्यांचे वाटप रद्द केले, त्यात ही खाणही आली. पुढे काही वर्षे ती बंदच होती. कोणत्याही गणिताला असा न्यायालयीन आदेश आधी दिसणे शक्य नव्हते. पण गावाचे निम्मे पुनर्वसन झालेले आणि निम्मे राहिलेले असताना खाण थांबली तर काय, हा पर्याय कुणीतरी तपासायला हवा होता. तो तपासण्यासाठी गावाला काही किंमत आहे, हे आधी मान्य करावे लागते.

वेळापत्रक ही खाणीच्या कुंपणाआतली बाब नाही, हे गडचिरोलीने अलीकडे दाखवून दिले. सुरजागडच्या लोहखनिजाच्या वार्षिक उत्पादनाची मर्यादा २०२३ मध्ये ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यात आली. हा आकडा कागदावर वाचला तर काही कळत नाही. वर्षाचे ३०० दिवस आणि प्रत्येक ट्रकमध्ये २५ टन धरा. दिवसाला सुमारे १,३०० भरलेले ट्रक होतात. म्हणजे रात्रंदिवस, दर मिनिटाला जवळजवळ एक. तितकेच रिकामे परत येणार ते निराळेच. आल्लापल्ली-आष्टी भागातल्या रहिवाशांनी हे गणित कुणी न शिकविता, अंगावर येणाऱ्या धुळीतून आणि अपघातांतून सोडविले होते. हेडरीहून कोनसरीपर्यंत खनिज वाहून नेणारी स्लरी वाहिनी सुरू झाली ती २०२५ मध्ये. वाहिनी आधी आणि वाढीव उत्पादन नंतर, असा क्रम लावणे प्रणालीच्या दृष्टीने एका अटीची भर घालण्याइतके सोपे होते. ती अट घालायला कुणी सांगितले नाही, इतकेच.

आणि क्रम चुकला तर जीवही जातात. झारखंडमधील राजमहल खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी मातीचा प्रचंड ढिगारा सरकला आणि २३ कामगार त्याखाली गेले. ढिगारा कोठे, किती उंच आणि कोणत्या उताराने रचायचा, हा खाणनियोजनातला दुय्यम भाग मानण्याची सवय आपल्याकडे आहे. चंद्रपुरात इरई नदीच्या काठी उभ्या राहिलेल्या ढिगाऱ्यांबद्दल पर्यावरणवादी वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. तेही याच सवयीचे फळ म्हणावे लागेल. त्याच विदर्भात याच्या उलट उदाहरणही आहे. नागपूरजवळच्या भानेगाव येथे वेस्टर्न कोलफील्ड्सने याच मातीतून वाळू वेगळी काढण्याचा प्रकल्प उभारला आणि ती वाळू घरबांधणीला दिली. टाकाऊ मातीत वाळू किती आणि ती कोणत्या थरात आहे, हे आधी नोंदलेले असले तर तिला वेगळे रचता येते. नसले तर सारे एकत्र होते आणि मग ते निवडत बसणे परवडत नाही.

आता दगडखाणींकडे वळू. मोठ्या खनिजांसाठी मंजूर आराखड्याची सक्ती १९८६ च्या कायदादुरुस्तीने आली. त्यावर देखरेख करणारा भारतीय खाण ब्युरो नागपुरातच आहे. २०२१ मध्ये नियम बदलून वर्षाला दहा लाख टन किंवा त्याहून अधिक उत्खननाचा आराखडा असलेल्या किंवा ५० हेक्टर वा अधिक क्षेत्राच्या खाणपट्ट्यांना दरवर्षी ड्रोनने चित्रण करून ते ब्युरोला देणे बंधनकारक केले. मुरूम, खडी, वाळू ही गौण खनिजे मात्र राज्याच्या अखत्यारीत. 'गौण' हा शब्द कायद्यातला. खड्डा गौण नसतो. पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांना पर्यावरण मंजुरी लागत नाही म्हणून एकाच टेकडीचे लहान लहान तुकडे पाडून ते वाटण्याची युक्ती देशभर चालत होती. दीपककुमार विरुद्ध हरियाणा सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये ती बंद केली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राचे गौण खनिज नियम आले. २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने एकमेकांपासून ५०० मीटरच्या आत असलेल्या खाणपट्ट्यांचा एक समूह मानण्याची कल्पना आणली. कागदावर पाहिले तर आपण बरेच पुढे आलो आहोत.

या काळात तंत्रज्ञानही आले, यात शंका नाही. खाणीची मोजणी आता टेप आणि साखळीने होत नाही, ईटीएस यंत्राने होते. वाहतुकीचे परवाने महाखनिज प्रणालीतून निघतात, डंपरवर जीपीएस असते. हे सारे आले ते महसूल बुडू नये म्हणून. किती दगड गेला, किती ब्रासचे पैसे भरले, फरक किती, दंड किती, एवढाच प्रश्न ही यंत्रणा विचारते. तो प्रश्न गैर नाही. दगडचोरी हा या राज्यातला मोठा धंदा आहे आणि तहसीलदारापासून तलाठ्यापर्यंत अनेकांनी त्यापायी मारही खाल्ला आहे. परंतु यंत्राने टिपलेल्या ज्या बिंदूंवरून खड्ड्याचे घनफळ काढले जाते, त्याच बिंदूंवरून खड्ड्याचा पुढचा आकारही आखता येतो. माहिती तीच, यंत्र तेच. आपण तिचा अर्धा उपयोग करतो, आणि तोही खड्डा पडून गेल्यावर.

या अर्ध्या उपयोगातही किती गोंधळ होऊ शकतो, हे एका उदाहरणाने पाहता येईल. एक हेक्टर क्षेत्रात सरसकट दहा मीटर खोल खड्डा झाला असे धरू. घनफळ झाले एक लाख घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर, तेव्हा खड्डा सुमारे ३५,३०० ब्रासचा. पण फोडलेला दगड अखंड दगडापेक्षा जास्त जागा व्यापतो. ही फूग ४० टक्के धरली, तर डंपरमध्ये भरलेला तोच दगड ४९,००० ब्रासहून अधिक होतो. ब्रासमागे ६०० रुपयांप्रमाणे दोन हिशेबांतला फरक सुमारे ८५ लाख रुपयांचा. एक मोजणी खड्ड्याची, दुसरी डंपरची; दोन्ही खऱ्या. फूग किती धरायची हे त्या दगडाच्या चाचणीवरून आधीच आराखड्यात लिहिलेले असेल, तर वादाला जागा राहत नाही. लिहिलेले नसेल, तर त्या ८५ लाखांत कुणाकुणाचे घर भरते हे वाचकांना सांगायला नको.

महसूल हा त्यातला लहान भाग झाला. समूहाच्या कल्पनेचे काय झाले ते पाहणे अधिक उद्बोधक आहे. एका टेकडीवर पाच जणांचे पाच पट्टे असतात. प्रत्येकाचा आराखडा स्वतंत्र, प्रत्येकाने हद्दीवर सोडलेली भिंत स्वतंत्र, रस्ता स्वतंत्र. पाचही आराखडे एका नकाशावर ठेवून या टेकडीचा शेवटचा आकार काय असावा, पाणी कोणत्या बाजूने उतरावे, डंपरचा एकच रस्ता कोठून काढावा, हे पाहण्याचे काम कुणाचेच नाही. समूहाच्या नावाने एक पर्यावरणीय अहवाल तयार होतो. हवेचे आणि पाण्याचे नमुने त्यात असतात, नियोजन नसते. वास्तविक संगणकावरील नियोजनाचा सर्वांत मोठा फायदा व्हायचा तो येथेच. दोन पट्ट्यांमधली दगडाची भिंत दोन्ही मालकांनी सहमतीने काढली, तर तेवढाच दगड कमी जागेतून मिळतो आणि शेजारची टेकडी वाचते. मालकांनाही ते हवेच असते. पण आज त्यांना तसे करायची मुभा आणि खात्री देणारे कुणी नाही.

चारठाण्यासारख्या गावी या हिशेबात आणखी एक बाब येते. सुरुंगाच्या हादऱ्यांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ च्या परिपत्रकात मर्यादा घालून दिल्या आहेत. साध्या घरांसाठी जमिनीच्या कंपनाचा वेग, कंपनांच्या वारंवारितेनुसार, सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटरपर्यंत चालतो. ऐतिहासिक महत्त्वाच्या आणि नाजूक वास्तूंसाठी तो २ ते १० मिलिमीटरच. ज्या शिवारात आठशे वर्षांची मंदिरे आहेत, त्याच्या आसपास खाणपट्टा मागितला गेला तर हा फरक निर्णायक ठरावा. एका वेळी किती दारू उडवायची, किती मिलिसेकंदांच्या अंतराने आणि वास्तूपासून किती दूर, हे नियोजनाच्या प्रणालीत मांडता येते आणि मग प्रत्यक्ष यंत्र लावून पडताळताही येते. खाणीचा अर्ज आल्यावर त्याच्या हद्दीपासून वास्तूंपर्यंतचे अंतर नकाशावर आपोआप दाखविले जावे, यासाठी तर महागडी प्रणालीही नको. शिवाय ज्या खाणीत सुरुंग लावले जात नाहीत, खोली सहा मीटरच्या आत आहे आणि कामगार पन्नासपेक्षा अधिक नाहीत, तिला १९५२ च्या खाण कायद्यातील बहुतेक तरतुदी लागूच होत नसत. कोणती खाण या सवलतीत बसत होती आणि कोणती केव्हा बाहेर गेली, हे दर पावसाळ्यानंतरची मोजणी पाहिल्याशिवाय कळणार कसे?

मराठवाड्यात या विषयाचे शेवटचे टोक पाण्याला येऊन मिळते. वर जो एक हेक्टरचा, दहा मीटर खोल खड्डा आपण गृहीत धरला, त्यात मावते दहा कोटी लिटर पाणी. माणशी रोज ५५ लिटर या जलजीवन मिशनच्या प्रमाणाने पाच हजार वस्तीच्या गावाचे ते सुमारे वर्षभराचे पाणी झाले. बाष्पीभवनात आणि भेगांतून मोठा वाटा जाईल, हे मान्य. निम्मे उरले तरी टँकर थांबेल. पण त्यासाठी खड्डा टेकडीच्या माथ्यावर नसून पाणी येईल अशा बाजूला असावा लागतो, त्याच्या भिंती पायऱ्यांच्या असाव्या लागतात आणि उतरायला एक सुरक्षित बाजू ठेवावी लागते. उभ्या कड्यांचे, काठ नसलेले, सोडून दिलेले खड्डे पावसाळ्यात भरतात आणि त्यांत पोहायला गेलेली पोरे बुडतात, ही बातमी दरवर्षी कोठून ना कोठून येतेच. खड्डा कामाचा करायचा की जीवघेणा, हे तो पडून गेल्यावर ठरविता येत नाही.

खोदाईच्या आधी तिचा शेवट ठरविण्याचा एक प्रयोग आपल्या शेजारीच झाला आहे. बुलडाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांसाठी लागणारी माती आणि मुरूम वाटेल तेथून न घेता तलाव, नाले आणि शेततळी खोल करून घेण्यात आला. सरकारने त्यावर स्वामित्वधन घेतले नाही, ठेकेदाराला माती मिळाली आणि गावांना पाण्याचे साठे मिळाले. 'बुलडाणा पॅटर्न' या नावाने तो गाजला. त्यासाठी कोणतीही लर्च-ग्रॉसमनची आकडेमोड लागली नाही. रस्त्याचा नकाशा आणि पाणलोटाचा नकाशा एकावर एक ठेवावा लागला, एवढेच. अर्थात मुरूम आणि दगड यांत फरक आहे. मुरूम नाल्यात मिळतो, भरीव दगड जेथे आहे तेथेच फोडावा लागतो. तरीही पाच-सात संभाव्य जागांपैकी कोणती आधी घ्यावी, हा निर्णय पाण्याच्या बाजूने घेता येतोच.

यावर नेहमीचा आक्षेप खर्चाचा. मोठ्या कंपन्यांच्या प्रणालींचे परवाने खरोखर महाग असतात आणि दोन-चार हेक्टरच्या खडीवाल्याने ते घ्यावेत, असे म्हणणे हास्यास्पद होईल. म्हणूनच ही सोय खाणमालकाकडे नव्हे, जिल्ह्याकडे असायला हवी. नकाशांच्या कामासाठी क्यूजीआयएससारखी विनामूल्य प्रणाली जगभर वापरली जाते. घनफळ, पायऱ्या आणि रस्त्याचे उतार यांच्या आखणीसाठी जिल्ह्यामागे एक सशुल्क परवाना पुरेल. लागतील ती दोन-तीन शिकलेली माणसे: एक भूवैज्ञानिक, एक खाण अभियंता, एक मोजणीदार. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर प्रत्येक जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले आहे आणि गौण खनिजांच्या खाणपट्टाधारकांकडूनही त्यासाठी अंशदान घेतले जाते. हा निधी खाणबाधितांसाठी आहे. खड्डा नीट आखणे हे बाधितांच्या हिताचे नाही असे कोण म्हणेल? जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याच्या कार्यालयात मात्र आज बहुतेक वेळ जातो तो परवाने आणि दंडाच्या नोटिसा यांतच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो खोडून काढता येण्यासारखा नाही. संगणकाने आराखडे सुबक होतात, खरे होतात असे नाही. आजही नोंदणीकृत सल्लागाराने तयार केलेला आराखडा प्रत्येक पर्यावरण मंजुरीसोबत जोडलेला असतो. त्यात पायऱ्या आखलेल्या असतात, पाच वर्षांचे उत्पादन वर्षवार दिलेले असते, हरितपट्टाही हिरव्या रंगाने रंगविलेला असतो. खाणीवर जाऊन पाहिले तर एकच उभी भिंत दिसते. प्रणाली बदलल्याने हे बदलणार नाही. चुकीची छिद्रे, किंवा न घेतलेल्या छिद्रांचे आकडे भरले, तर बाहेर पडणारा आराखडा तितकाच खोटा, फक्त अधिक रंगीत. तपासणी हवी, आणि ती तपासणी सरकारी अधिकारी एकटा करू शकत नाही, हे चोरीच्या बाबतीत आपण पुरेसे पाहिले आहे.

तपासणारा माणूस गावात आहे. खाणीचा रस्ता ज्याच्या बांधावरून जातो, ज्याच्या विहिरीला सुरुंगाने तडा गेला, तो रोज पाहतो. पण त्याच्यापुढे आराखडा येतच नाही. 'परिवेश' या केंद्राच्या संकेतस्थळावर मंजुरीची कागदपत्रे ठेवलेली असतात. ती इंग्रजीत असतात, अक्षांश-रेखांशांनी भरलेली असतात आणि त्यांत गावकऱ्याला ओळखू येईल असे फारसे काही नसते. याउलट गट क्रमांकांचे गावनकाशे महाभूनकाशावर आज कुणालाही पाहता येतात. खाणीचा पाच वर्षांचा क्रम त्या गटनकाशावर काढला आणि मराठीत लिहिला, की पहिल्या वर्षी गटाच्या पूर्वेचा भाग, तिसऱ्या वर्षी ओढ्यापासून इतके मीटर सोडून दक्षिणेचा, शेवटी पाण्याची पातळी अमुक आणि उतरायची बाजू अमुक, तर ग्रामसभेतल्या कुणालाही तो वाचता येईल. खाण ठरलेल्या रेषेबाहेर गेली हे त्याला मोजणीदाराच्या आधी कळेल. प्रणालीतून असा नकाशा काढायला एका कळीपलीकडे काही लागत नाही.

कृत्रिम वाळूच्या केंद्रांसाठी सवलती आता देऊ केल्या आहेत, म्हणजे त्यामागोमाग दगडाच्या पट्ट्यांची मागणीही येणार. एकदा खाणपट्टा दिला की त्याच्या मुदतीत नव्या अटी घालणे प्रशासनाला जड जाते. मालक न्यायालयात जातो आणि बहुधा जिंकतो. तेव्हा भरीव दगडाची खात्री करणारी छिद्रे, फुगीचा आकडा, समूहातील शेजाऱ्यांसह एकत्रित आखणी, वास्तूंपासूनचे अंतर आणि गटनकाशावरचा वर्षवार क्रम या गोष्टी अर्जासोबतच मागाव्या लागतील. सवलत दोनशे रुपयांच्या दराने द्यायची की सहाशेच्या, हे या कागदांवर अवलंबून ठेवता आले असते. धोरणाच्या अंमलबजावणीचे तपशील ठरविताना ते अजूनही ठेवता येईल.